मोजणीच्या आधी

चार नंबरचं दार सोमवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी आपलं आपण उघडलं. मी काही दाबलं नव्हतं, शपथेवर सांगतो. माझा हात चहाच्या कपाला होता. बोर्डावर चारचा दिवा लाल, म्हणजे दार बंद, आणि समोरच्या पडद्यावर दार सताड उघडं. दाराच्या आत अठरा कैदी ताटल्या घेऊन रांगेत उभे आणि एकानंही पाऊल बाहेर टाकलं नाही. ते दाराकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय. मग रांगेतल्या पहिल्यानं भिंतीवरची बेल दाबली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, दार उघडं राहिलंय. लावून घ्या ना, वारा येतोय." मी बटण दाबलं. दार ढिम्म. परत दाबलं, मग जरा रागानं दाबलं, दार तसंच. शेवटी म्हणालो, "जरा हातानं ओढून घेता का हो?" त्यानं ताटली दुसऱ्याकडे दिली, दार ओढलं, स्वतःच्या हातानं स्वतःला आणि सतरा जणांना कोंडून घेतलं आणि वर मलाच म्हणाला, "झालं साहेब." मला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. कारण तो भला माणूस होता म्हणून ठीक. रांगेत पहिला दुसरा कुणी असता तर मी आत्ता हे सांगायला कुठे बसलो असतो, देव जाणे.

त्या बोर्डासमोर मी बावीस वर्षं बसतोय. शहराच्या मधोमध तुरुंग, तुरुंगाच्या डोक्यावर माझी खोली, खोलीत अडतीस दिवे, अडतीस बटणं, चौदा पडदे आणि एक खुर्ची, जिला माझ्या पाठीचा आकार आलाय. खालून बेल वाजते, मी पडद्यावर माणूस बघतो, माइकमध्ये बोलतो, बटण दाबतो, दार उघडतं. एवढंच काम. पण तो बोर्ड माझ्याबरोबरच म्हातारा होत गेला. त्याचे भाग मिळेनात, ते बनवणारे बंद झाले, आणि दिवे हळूहळू खोटं बोलायला लागले. नऊचा हिरवा म्हणजे लाल समजायचा. सतराचा दिवा बोर्डाला बुक्की मारल्याशिवाय खरं सांगत नसे. तेवीस पावसाळी हवेत रुसायचा. अकरा वर्षं मी वर पत्रं पाठवली आणि अकरा वर्षं एकच उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे. चार नंबर उघडल्यावर मात्र दोन दिवसांत सगळं मंजूर. तातडीची बाब! बुधवारी सकाळी इंजिनीअरबाई चार माणसं आणि खोक्यांचा ढीग घेऊन हजर. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला तडतडीत. बोर्डाची झाकणं काढून आत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "काका, हे इतके दिवस चाललं कसं?" मी त्यांना कुठला दिवा कधी खोटं बोलतो ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्या लिहून घेता घेता थांबल्या. "हे कुठे नोंदवलेलं आहे?" मी कपाळावर बोट ठेवलं. "म्हणजे तुम्हाला सर्दी झाली तर तुरुंग उघडा पडणार," त्या म्हणाल्या, आणि मला ते कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. अकरा वाजता त्यांनी मुख्य खटका खाली केला. अडतीसच्या अडतीस दिवे विझले, चौदा पडदे काळे झाले. मला वाटलं होतं आता रडू येईल. पण आली ती भूक.

तीन दिवस सगळी दारं किल्ल्यांवर. किल्ल्या कपाटातून निघाल्या, प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. माणसं कमी, दारं जास्त, म्हणून मोठ्या साहेबांनी सरसकट हुकूम काढला: वरचे सगळे खाली. वरचे सगळे म्हणजे कोण, तर मी. आता एक गोष्ट सांगतो जी मी कुणाला सांगितलेली नाही. त्या बुधवारपर्यंत बावीस वर्षांत मी आत एकदाच गेलो होतो, तेही पहिल्या दिवशी. माझ्या आधीच्या माणसानं मला हौसेनं फिरवायला नेलं होतं. पहिल्या दाराच्या आत गेलो, दार मागून लागलं, आणि माझे पाय असे गळाले की त्यानं मला काखेत हात घालून बाहेर आणलं. तेव्हापासून बाजूच्या जिन्यानं थेट वर, आणि वरून थेट घरी. घरीही तेच, असं बायको म्हणते. म्हणते, तुम्ही संसारसुद्धा गॅलरीतून करता. मुलीच्या शाळेतला कार्यक्रम मी सगळ्यात मागच्या रांगेत उभं राहून पाहिला, पुढे खुर्ची राखून ठेवली होती तरी. मला सगळं एकदम दिसलं पाहिजे, आणि मी कुणाला दिसता कामा नये. आई शेवटची आजारी होती तेव्हा नर्स दोनदा बाहेर आली, म्हणाली, आत या, दोन मिनिटं बसा त्यांच्याजवळ. मी म्हणालो, नको, काचेतून दिसतंय की इथून. आईनं हात वर केला, मीही केला. दिसत होतं, सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. पण तिचा हात गरम होता की गार, ते मला माहीत नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तर बुधवारचा दिवस मी पहिल्या, म्हणजे सात नंबरच्या दाराच्या बाहेर, म्हणजे कचेरीच्या बाजूला, किल्ली घेऊन उभा राहून काढला. हुशारी कमी पडली नाही. येणाऱ्याला उघडायचं, गेला की लावायचं, आपण अलीकडेच. गुरुवारही तसाच निघाला असता, पण पावणेचारला कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला. सुटकेचा हुकूम होता, टेलरमास्तरांचा.

टेलरमास्तर म्हणजे शिवणखात्यातले कैदी. तीन वर्षं ते रोज सकाळी शिवणखात्याच्या दाराची बेल दाबत आणि म्हणत, "उघडता का साहेब, मशिनी वाट बघतायत." आधी एवढंच. मग हळूहळू दार उघडायच्या आधी दोन वाक्यं, मग चार. भागीदारानं केलेल्या भानगडीत यांची सही होती, एवढं मला कळलं. जास्त मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बोलायचे ते मुलीबद्दल. मुलगी परीक्षेला बसली. मुलगी पास झाली. मुलीला नोकरी लागली, पण लांब, समुद्रापलीकडे, दोन वर्षांचा करार. या सोमवारी, दार बिघडलं त्याच दिवशी, बोर्ड अजून अर्धामुर्धा चालू होता तेव्हा त्यांनी बेल दाबली, पण मशिनींचं नावच काढलं नाही. मग म्हणाले, "गुरुवारी निघतेय ती. सहाची बस, मग पुढे बोट. माझा कागद गुरुवारपर्यंत आला तर भेट होईल, नाही तर दोन वर्षांनी." मी, जो कधी कुणाला काही कबूल करत नाही, तो माइकमध्ये बोलून गेलो, "मास्तर, कागद आला की तुम्हाला बाहेर काढायचं माझ्याकडे लागलं." बोलायला काय जातं! नुसतं बटण तर दाबायचं होतं.

आणि आता बटण नव्हतं. कागद आला तेव्हा पावणेचार, आणि पाचला कैद्यांची मोजणी. मोजणीची घंटा झाली की माणूस आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही, मग कोर्टाचा कागद असो की साक्षात न्यायाधीश असो. मोजणीत सापडलेली सुटका दुसऱ्या दिवशी सकाळी. कागदावर चार सह्या व्हायला सव्वाचार झाले. आतला रखवालदार, ज्याला सगळे जाड्या म्हणतात, दवाखान्याच्या बाजूला अडकलेला. मोठे साहेब माझ्याकडे वळले आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "सात, बारा, एकोणीस, पुढे शिवणखातं. घेऊन या. तुमच्याइतका हा तुरुंग कुणाला पाठ आहे?" मी जुडगा घेतला. मनात म्हटलं, जाड्याची वाट बघावी. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनातल्या मनात स्वतःला एक ठेवणीतली शिवी दिली. सातचं दार उघडलं, आत गेलो आणि माझ्या मागे मीच ते लावलं. पाय थरथरले, पण उभे राहिले. मग चालायलाही लागले.

आत वास होता. हसू नका, पण बावीस वर्षं मी ती गल्ली रोज बघतोय आणि तिला वास असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओल्या फरशीचा, घामाचा, कुठून तरी तळलेल्या कांद्याचा. आणि छत केवढं उंच! पडद्यावर ती गल्ली बोटभर दिसते. मी झपझप चालत सुटलो, बाराचं दार उघडलं, पुढे चौक आला, चौकातून शिवणखातं डावीकडे हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. डावीकडे वळलो, तीस पावलं गेलो आणि थेट स्वयंपाकघरात पोचलो. भल्यामोठ्या पातेल्यात एक जण डावानं ढवळत होता, तो माझ्याकडे बघायला लागला. स्वयंपाकघर उजवीकडे असतं! बावीस वर्षं उजवीकडे आहे! परत चौकात आलो, मान वर करून बघितलं, तर कॅमेरा माझ्याकडे तोंड करून बसलेला. म्हणजे आत येणारा माणूस मला पडद्यावर समोरून दिसतो, पाठमोरा नाही. वर मला जे डावं ते इथे चालणाऱ्याला उजवं. म्हणजे मला तुरुंग पाठ होता, पण आरशातला. शंभर माणसांना मी माइकवरून "डावीकडे व्हा" म्हणून सांगितलं असेल आणि ती बिचारी न बोलता उजवीकडे होत आली असतील.

घड्याळ चार पंचवीस दाखवत होतं. दारांवर नंबर असतील म्हणून बघितलं, तर सगळ्यांवर चुन्याचे हात फिरलेले. चौकाला पाच तोंडं. कुणाला विचारावं? "अहो," मी गजांकडे बघून म्हणालो, "शिवणखात्याकडे कसं जायचं?" एका बराकीत पत्ते चालले होते ते थांबले. एक जण उठून गजांशी आला, डोळे बारीक करून ऐकू लागला आणि ओरडला, "अरे, आकाशवाणी! आकाशवाणी खाली आली रे!" आणि मग जो गलका झाला! मला आकाशवाणी म्हणतात हे मला त्या क्षणी कळलं. बराकीबराकीतून माणसं गजांना येऊन चिकटली, जणू वरात निघालीय. "बोला ना साहेब, परत बोला!" "आवाजावरून जाड वाटायचात हो!" "आमचा पंखा कधी दुरुस्त होणार?" भीती वाटायला हवी होती, पण एवढ्या लोकांना मला बघून आनंद झालाय हेच मला नवीन होतं. म्हणालो, "पंख्याचं नंतर. टेलरमास्तरांचा कागद आलाय, पाचच्या आत काढायचंय त्यांना." मग सगळे एकाच वेळी हात दाखवायला लागले. "उजवीकडे!" "माझ्या उजवीकडे की तुमच्या?" मी विचारलं, कारण ते माझ्या समोर होते आणि आता उजव्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना गप्प केलं. "बाळा," तो मला म्हणाला, माझे केस पिकलेत तरी, "फिनेलचा वास येतो तिकडे जा. वास संपला की मशिनीच्या तेलाचा वास येईल. तेच शिवणखातं."

मी नाकाच्या मागे गेलो. एकोणीस उघडलं, फिनेल संपलं, तेलाचा वास आला. शिवणखात्यात आठ मशिनी आणि एकच माणूस, खिडकीशी मान खाली घालून शिवत बसलेला. मला त्यांचं टक्कल ओळखीचं होतं. तीन वर्षं मी ते वरून पाहत होतो, मागच्या बाजूला जुन्या जखमेची खूण आहे तेही. चेहरा मात्र पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी तरुण निघाला. "मास्तर," मी म्हणालो. त्यांनी मान वर केली, आवाज ओळखला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही खरे आहात." मग परत सुईत डोळे घातले. "एवढं एक बटण राहिलंय साहेब." साडेचार वाजून गेलेले! "अहो, बटण गेलं खड्ड्यात! उठा!" "अर्धं काम टाकून उठायची सवय नाही," ते म्हणाले आणि शांतपणे चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मी रागानं लाल झालो होतो आणि त्याच वेळी मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. गाठोडं बांधून तयारच होतं.

परत निघालो तर एकोणीसची किल्ली फिरेना. आत जाताना फिरली, आता नाही. मी जोर लावला, बोट सोलून निघालं. किल्लीला कैद्यानं हात लावायचा नाही, त्यामुळे मास्तर दोन पावलं मागे उभे राहून सांगत होते, "दाबू नका. दार जरा उचला. हां, पायानं उचला, आणि आता फिरवा." दार उचललं, किल्ली फिरली. चौकात आल्यावर मी पुन्हा आपला डावीकडे. "साहेब, इकडून," मास्तर म्हणाले. मग मी वादच घातला नाही. ते पुढे, मी मागे किल्ल्या खुळखुळवत. दार आलं की ते बाजूला उभे राहायचे, मी उघडायचो, त्यांना पलीकडे घ्यायचो, लावायचो, ते पुन्हा पुढे. बराकींवरून जाताना कुणी त्यांच्या नावानं ओरडत होतं, कुणी माझ्या. मास्तर प्रत्येकाला हात करत होते आणि थांबत कुठेच नव्हते. आणि काय सांगू, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फाटकाशी आलो तेव्हा पाचला चार कमी. फाटकावरचा पहारेकरी गेल्याच महिन्यात लागलेला, त्यानं मास्तरांचा कागद वाचला, फोटो ताडून पाहिला, अंगठा घेतला, सगळं रीतसर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि हे कोण? यांचा कागद?" माझं ओळखपत्र वर खुर्चीच्या पाठीला लटकलेलं. "हे आमचे वरचे साहेब," मास्तर घाईघाईनं म्हणाले, "मी हमी देतो." सुटणारा कैदी माझी हमी देतोय आणि पहारेकऱ्याला ती पटतेय! त्यानं मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं. मास्तर वाकून बाहेर पडले. मी आत थांबायला हवं होतं. माझी हद्द तिथे संपते. पण या दारावरचा कॅमेरा मुका आहे, त्याला आवाज नाही, आणि सुटलेल्या माणसाला घरचा माणूस पहिल्यांदा काय म्हणतो हे मी आजवर कधीच ऐकलेलं नव्हतं. मास्तरांचं गाठोडं आतच राहिलं होतं. ते उचललं आणि त्यांच्यामागे मीही वाकून बाहेर पडलो. तेवढ्यात आत मोजणीची घंटा झाली आणि पहारेकऱ्यानं, मोठा नियमाचा माणूस, छोटं दार लावून टाकलं. "अहो!" मी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "मोजणी सुरू झाली साहेब. आता आतबाहेर बंद. पाऊण तासानं या."

रस्त्यापलीकडे एक मुलगी दोन बॅगा पायाशी ठेवून उभी होती. ती धावत आली नाही. चालत आली, बापाच्या समोर उभी राहिली, त्याच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला दुमडली होती ती सरळ केली. ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे भरलेले. मी श्वास धरून ऐकत होतो.

"किती उशीर, बाबा!" ती म्हणाली. "कोर्टातून कळलं तशी चारपासून उभी आहे मी."

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी काय करणार? ह्यांना वाट माहीत नव्हती."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, माझा चुन्यानं माखलेला खांदा, सोललेलं बोट, हातातला तुरुंगाचा जुडगा, काखेतलं गाठोडं, आणि तिला रडता रडता हसू फुटलं. मग मास्तर हसायला लागले, आणि मग मीही, भर रस्त्यात, लोक बघत असताना.

"बस कुठून आहे?" मास्तरांनी विचारलं आणि रस्त्याकडे बघितलं. समोर चौक होता, सिग्नल होते, नवा उड्डाणपूल होता, चारी बाजूंनी गाड्या येत होत्या. त्यांचं हसू थांबलं. ते तिथेच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "साहेब, इथून पुढची वाट मला माहीत नाही."

मुलीची एक बॅग मी उचलली. "चला," मी म्हणालो, "पाऊण तास आहे माझ्याकडे." आणि मास्तरांचा हात धरला. गरम होता.